विषयांचें वजन

माझी धाकटी बहीण अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांत राहते. तिची मुलगी गेल्या वर्षीं सोळा वर्षांची होती आणि तेथील शाळेंत दहावींत शिकत होती. त्या वर्षीं फेब्रुवारींत या भाचीचें मला एक पत्र आलें. हल्लींच्या रीतीप्रमाणें तें तारेवांचून क्षणांत येऊन पोंचलें खरें. पण वर मायना, खालीं सही आणि मध्यें घरांतल्या घरांत शिकलेलें, थोडेंसें अडखळणारें मराठी असें त्याचें रूप असल्यामुळें मी त्यास पत्रच म्हणतों. पुढील वर्षीं कोणते विषय घेणार याचा तक्ता तिला शाळेंत भरून द्यावयाचा होता. तक्त्यांतील इतर सर्व जागा भरून एक उरली होती, आणि त्या एका जागेसाठीं दोन उमेदवार होते. एक शाळेचा वाद्यवृंद, ज्यांत ती सहावीपासून व्हायोलिन वाजवीत आली आहे. दुसरा मानसशास्त्राचा महाविद्यालयीन दर्जाचा अभ्यासक्रम, ज्याविषयीं तिला विशेष प्रेम नाहीं आणि विशेष तिटकाराहि नाहीं. सगळी हकीकत लिहून झाल्यावर शेवटीं तिनें विचारलें होतें : “फायद्याचें काय तें शाळेंतल्या सल्लागार बाईंनीं मला सांगितलें आहे. मामा, तूं कॉलेजांत नीतिशास्त्र शिकवतोस, म्हणून बरोबर काय तें तूं सांग.”

हा प्रश्न वाचून मी ओशाळलों. पंचवीस-तीस वर्षें मी नीतिशास्त्र शिकवीत आहें. बुडत्या नौकेंत कोणाला ठेवावें, खुनी माणसाला खरा पत्ता सांगावा कीं नाहीं, असले प्रश्न वर्गांत सोडविण्याची मला संवय आहे. त्या प्रश्नांची सोय अशी कीं, त्यांचें उत्तर चुकलें तरी कोणी बुडत नाहीं. शाळेचा एक तक्ता भरण्याच्या कामीं माझ्या शास्त्राचा उपयोग व्हावा, अशी मागणी आजवर कोणी केली नव्हती. पत्राचें उत्तर मीं त्याच रात्रीं लिहावयास घेतलें आणि तें पुरें करण्यास मला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत जें मनांत आलें तें येथें मांडीत आहें; कारण असे तक्ते भरणारीं मराठी घरें आतां समुद्रापलीकडे पुष्कळ आहेत, आणि समुद्राच्या अलीकडचीं घरेंहि निराळ्या तक्त्यांवर तेंच करीत आहेत.

प्रथम या अभ्यासक्रमांची थोडी माहिती दिली पाहिजे. अमेरिकेंत ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’, संक्षेपानें ‘एपी’, या नांवाची एक योजना आहे. कॉलेज बोर्ड ही ना-नफा तत्त्वावरील संस्था ती चालविते. शाळेंत असतांनाच महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा एखादा विषय शिकावयाचा, मे महिन्यांत त्याची देशभर घेतली जाणारी परीक्षा द्यावयाची आणि एक ते पांच या श्रेणींत निकाल घ्यावयाचा, असें तिचें स्वरूप आहे. तीन किंवा त्याहून वरची श्रेणी मिळाल्यास पुष्कळ महाविद्यालयें त्या विषयाचे श्रेयांक देतात किंवा पहिली पायरी माफ करितात. नामांकित महाविद्यालयें बहुधा चार किंवा पांचच मानतात. कलनशास्त्र, पदार्थविज्ञान, इतिहास येथपासून लॅटिन आणि चिनी भाषा, कलेचा इतिहास येथपर्यंत सुमारें चाळीस विषय आहेत. एका वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक विद्यार्थी या परीक्षांना बसतात आणि दर विषयामागें शंभर डॉलरच्या घरांत फी भरतात.

योजनेचा उगम मात्र मोठा सात्त्विक आहे. १९५१ सालीं फोर्ड फाउंडेशनच्या पैशानें दोन मंडळींनीं या प्रश्नाचा विचार सुरू केला. एका बाजूस हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन हीं विद्यापीठें आणि अँडोव्हर, एक्झिटर, लॉरेन्सव्हिल या तीन खासगी शाळा; दुसऱ्या बाजूस केन्यन कॉलेजचे अध्यक्ष गॉर्डन चाल्मर्स यांच्या पुढाकारानें एकत्र आलेलीं बारा महाविद्यालयें. त्यांना दिसलें तें असें कीं, हुशार मुलगा शाळेच्या शेवटच्या वर्षांत जें शिकतो, तेंच महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षांत पुन्हां शिकतो आणि कंटाळतो. हा कंटाळा वाचवावा, एवढाच मूळ हेतु. पुढें योजना कॉलेज बोर्डाकडे आली आणि १९५६ च्या परीक्षेस अवघे बाराशेंच्या आसपास विद्यार्थी बसले. ‘प्लेसमेंट’ या शब्दाचा अर्थच मुळीं जागा नेमून देणें. मुलाला कोणत्या बाकावर बसवावें एवढेंच ठरवावयाचें होतें. तो शेजाऱ्याहून किती उंच आहे हें मोजावयाचें नव्हतें. (शाळा कोठें संपते आणि महाविद्यालय कोठें सुरू होतें, हा प्रश्न आपल्याकडेहि होताच. १९७५ च्या सुमारास दहा-दोन-तीन असा नवा आकृतिबंध आला, तेव्हां आपण अकरावी-बारावीच्या दारावर ‘कनिष्ठ महाविद्यालय’ अशी पाटी लावून तो सोडविला. असो.)

मोजमाप नंतर आलें, आणि तें परीक्षेच्या दारानें न येतां सरासरीच्या दारानें आलें. तेथील शाळांत साधारण विषयांत ‘ए’ ही सर्वोत्तम श्रेणी मिळाली म्हणजे चार अंक धरतात. एपी विषयांत तीच श्रेणी मिळाली, तर पुष्कळ शाळा पांच अंक धरतात. याला ते ‘वजन देणें’ म्हणतात. कठीण विषय घेणाऱ्या मुलाचें सरासरींत नुकसान होऊं नये हा त्यांतील विचार, आणि तो न्याय्यच आहे. परंतु त्याचा हिशेब पुढें कोठें जातो तें पाहा. एका मुलीनें पांच एपी विषय घेतले आणि पांचांतहि तिला सर्वोत्तम श्रेणी मिळाली. तिची सरासरी झाली पांच. आतां सहावा विषय म्हणून तिनें वाद्यवृंद घेतला, आणि त्यांतहि तिला सर्वोत्तम श्रेणी मिळाली. पंचवीस आणि चार मिळून एकोणतीस, भागिले सहा, सरासरी ४.८३. संगीतांत कांहींहि उणें न राहिल्यामुळें ती मागें पडली. माझ्या भाचीनें हाच हिशेब पत्रांत करून दाखविला होता आणि खालीं लिहिलें होतें : “म्हणजे मामा, चुकीचे सूर वाजवले तर नुकसान, आणि बरोबर वाजवले तरी नुकसान.”

सगळ्याच शाळा असें वजन देत नाहींत, आणि कित्येक महाविद्यालयें शाळेची सरासरी बाजूला ठेवून स्वतः पुन्हां हिशेब करितात, हें मला ठाऊक आहे. पण सोळाव्या वर्षीं डोळ्यांपुढें असतो तो आपल्या शाळेचा तक्ता आणि आपल्या शेजारच्या बाकावरची मुलगी. शिवाय या सरासरीवर मोठ्या माणसांनींहि इमारती उभारल्या आहेत. टेक्सस राज्यानें १९९७ सालीं कायदा केला कीं, प्रत्येक शाळेंतील पहिल्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळावा. गरीब वस्तींतील व खेड्यांतील शाळांनाहि दार उघडावें हा उदात्त हेतु त्यामागें होता. पण ज्या शाळेंत अनुक्रमाला एवढी किंमत आली, तेथें सरासरीच्या तिसऱ्या दशांश स्थळालाहि ती आली नसती तरच नवल. १९९८ पासून एका अमेरिकन वृत्तपत्रकारानें, जे मॅथ्यूज यांनीं, शाळांचीच क्रमवारी लावण्यास सुरवात केली. शाळेंतील मुलांनीं असल्या परीक्षा किती दिल्या या संख्येला, त्या वर्षीं शाळा सोडून जाणाऱ्या मुलांच्या संख्येनें भागावयाचें. किती मुलें उत्तीर्ण झालीं याचा हिशेब त्या भागाकारांत नाहीं. बसलीं किती, एवढेंच पाहावयाचें. या विचित्र वाटणाऱ्या मोजणीमागेंहि एक चांगला हेतु होता, त्याकडे मी पुढें येईन.

आणखी एक गंमत मला या प्रकरणांत आढळली. शाळेच्या शेवटच्या वर्षीं घेतलेल्या विषयांची परीक्षा मे महिन्यांत होते. पण महाविद्यालयांच्या प्रवेशाचे निर्णय मार्च संपतां संपतां कळून चुकलेले असतात. म्हणजे अर्जावर शोभते तें विषयाचें नांव. त्या विषयांतलें मुलाला काय आलें हें विचारणारी परीक्षा निवाडा होऊन गेल्यावर येते. डार्टमथ कॉलेजनें २०१३ सालीं जाहीर केलें कीं, यापुढें आम्ही एपी परीक्षेवर पदवीचे श्रेयांक देणार नाहीं. त्याच्या आधीं तेथील मानसशास्त्र विभागानें एक प्रयोग केला होता. एपी मानसशास्त्रांत पांचाची श्रेणी मिळवून आलेल्या विद्यार्थ्यांना विभागानें स्वतःच्या पहिल्या अभ्यासक्रमाची परीक्षा घातली, तेव्हां दहांपैकीं नऊजण नापास झाले. कॉलेज बोर्डाला हा प्रयोग मान्य झाला नाहीं, आणि एका विभागाच्या एका प्रयोगावरून मीहि मोठें अनुमान काढणार नाहीं. पण नेमका तोच विषय माझ्या भाचीच्या तक्त्यांत उभा असल्यामुळें ही बातमी वाचून मला आनंद झाला, हें कबूल करतों.

त्या आनंदाच्या भरांतच मीं उत्तराचा पहिला मसुदा लिहिला. तो फार सुंदर होता. विद्या ही विद्येसाठींच घ्यावी; फळावर डोळा ठेवून केलेला अभ्यास म्हणजे व्यापार; व्हायोलिन हें तुझें स्वतःचें आहे आणि सरासरी ही दुसऱ्याची आहे; इत्यादि इत्यादि. गीतेचा आधार होता, कांटचा होता. सकाळीं उठून तो वाचला आणि मला गारफील्ड हायस्कूलची आठवण झाली.

लॉस एंजलिसच्या पूर्व भागांत, मेक्सिकोहून आलेल्या कष्टकरी कुटुंबांच्या वस्तींत, ही शाळा आहे. हायमे एस्कालान्ते नांवाचे शिक्षक तेथें १९७४ पासून गणित शिकवीत होते. हे मूळचे बोलिव्हियाचे. मायदेशीं ते शिक्षकच होते. अमेरिकेंत आल्यावर उपाहारगृहांत कामें करीत, नव्यानें इंग्रजी शिकत, पुन्हां पदवी मिळवून ते वर्गांत परतले. ज्या शाळेंत साध्या अपूर्णांकांचीहि मारामार, तेथें त्यांनीं एपी कलनशास्त्राचा वर्ग काढला. पहिल्या वर्षीं मूठभर मुलें टिकलीं. १९८२ सालीं अठरा मुलें परीक्षेस बसलीं आणि अठराहि उत्तीर्ण झालीं. तेव्हां परीक्षा घेणाऱ्या संस्थेला चौदा उत्तरपत्रिकांत चुकांचें साम्य दिसलें आणि तिनें नकलेचा संशय घेतला. हाच निकाल एखाद्या श्रीमंत वस्तींतून आला असता तर संशय आला असता काय, असा प्रश्न त्या वेळीं अनेकांनीं विचारला. चौदांपैकीं बारा मुलांनीं नव्यानें परीक्षा दिली, आणि तीं बाराहि पुन्हां उत्तीर्ण झालीं. १९८७ पर्यंत त्या एका शाळेंतून वर्षाला ऐंशींहून अधिक मुलें ही परीक्षा उत्तीर्ण होऊं लागलीं. या घटनेवर १९८८ सालीं ‘स्टँड अँड डिलिव्हर’ हा चित्रपट निघाला, तो पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल. एस्कालान्ते यांनीं १९९१ सालीं ती शाळा सोडली आणि पुढें तो वर्ग ओसरत गेला, हें चित्रपटांत नाहीं.

या मास्तरांचें तंत्र काय होतें? शनिवारचे वर्ग, सुट्टींतले वर्ग, आईबापांच्या घरीं खेपा, थट्टा, दटावणी, लालूच, धाक. ‘गानास’ हा स्पॅनिश शब्द त्यांच्या तोंडीं सदा असे. त्याचा अर्थ इच्छा, जिद्द. परंतु ही इच्छा कलनशास्त्राची होती असें कोण म्हणेल? कोणाला महाविद्यालय हवें होतें, कोणाला बापाच्या कामांतून सुटका हवी होती, कोणी मास्तरांना भिऊन बसलें होतें, कोणी मैत्रीण बसली म्हणून बसलें असेल. माझ्या सुंदर मसुद्यांतील कसोटी त्यांना लावली, तर गारफील्डच्या वर्गांतील बहुतेक सर्वांनीं विद्येचा व्यापार केला. आणि हें सांगावयास मी कोण? हेतूच्या शुद्धतेची मागणी करण्याचा अधिकार ज्याचें पोट भरलेलें आहे त्याला सहज मिळतो, एवढ्यावरूनच त्या मागणीविषयीं थोडा संशय धरला पाहिजे. वर ज्या वृत्तपत्रकाराचा उल्लेख केला, त्या मॅथ्यूज यांनीं याच एस्कालान्ते यांचें चरित्र लिहिलें आहे. मुलें उत्तीर्ण किती झालीं हें न पाहतां बसलीं किती हें मोजण्याची त्यांची रीत गारफील्डमधूनच निघाली : शाळेनें निकालाची अब्रू सांभाळण्यासाठीं दुबळ्या मुलांना दाराबाहेर ठेवूं नये, हा त्यांतील चांगला हेतु. दार उघडें ठेवण्यासाठीं शोधलेली मोजणी पुढें मुलांना दारांतून ढकलण्यासाठीं वापरली गेली, तर दोष शोधणाऱ्याचा किती आणि ढकलणाऱ्याचा किती, हा निराळा प्रश्न आहे.

कांटनें एका दुकानदाराचा दाखला दिला आहे. तो गिऱ्हाइकाला फसवीत नाहीं, लहान मुलालाहि योग्य भावानेंच माल देतो. पण दुकानाचें नांव टिकावें म्हणून. कांट म्हणतो, त्याच्या या वागण्यास नैतिक मोल नाहीं. हा दाखला मी दर वर्षीं शिकवितों. या खेपेस प्रथमच माझ्या लक्षांत आलें कीं, गिऱ्हाइकाच्या पिशवींतला माल मात्र पुरेपूर असतो. अभ्यासाची गोष्ट तर याहून पुढची आहे. दुकानदाराचा माल गिऱ्हाईक घेऊन जातें. अभ्यासाचा माल करणाऱ्याच्याच घरांत राहतो, आणि हळूहळू घर बदलतो. ॲरिस्टॉटल म्हणतो, वीणा वाजवून वाजवूनच माणूस वीणावादक होतो. सुरवात कशासाठीं केली याची चौकशी तो फारशी करीत नाहीं.

येथें मला स्वतःविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आठवींत मीं शंभर गुणांचें संपूर्ण संस्कृत घेतलें तें संस्कृतच्या प्रेमानें नव्हे. ‘संस्कृतांत गणितासारखे गुण पडतात’ असें वडील म्हणाले, शेजारीं म्हणाले, शिंपीहि म्हणाला. आपल्याकडे हा विचार जुना आहे. मॅट्रिकला संस्कृतांत पहिल्या येणाऱ्यास मिळणाऱ्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीवर डोळा ठेवून किती पिढ्यांनीं रूपें घोकलीं असतील! मीहि दोन वर्षें रामः रामौ रामाः एवढ्यापुरतें संस्कृत केलें. दहावींत एके दिवशीं दुपारीं, मास्तर एक श्लोक फळ्यावर लिहून खिडकी लावावयास गेले असतां, तो श्लोक मला मराठी न करतां समजला. मास्तर परत आले आणि त्यांनीं अन्वय सांगावयास सुरवात केली, तेव्हां मला त्यांचा राग आला. मला बोर्डांत किती गुण पडले तें आठवत नाहीं; तो राग आठवतो. पुढें तत्त्वज्ञानाकडे वळलों तो त्या दुपारपासूनच, असें मला वाटतें. माझा मूळ हेतु केव्हां गळून पडला तें मला सांगतां येणार नाहीं. पण तो हलका होता म्हणून मला त्या वर्गांतून कोणी उठविलें नाहीं, हें माझें भाग्य.

तेव्हां भाचीनें मानसशास्त्र घ्यावें, असें उत्तर द्यावयाचें काय? पांचव्या-सहाव्या दिवशीं मी तेथवर आलों होतों. मग दोन्ही गोष्टींत कांहीं फरक आहे असें वाटूं लागलें आणि तो कोणता हें सांपडेना. शेवटीं सांपडला तो असा : संस्कृत घेतल्याबद्दल मला बक्षिस होतें, पण गाणें शिकल्याबद्दल दंड नव्हता. मी शाळेच्या मेळ्यांत गात असें. तें चांगलें गायिलों काय आणि वाईट गायिलों काय, माझ्या संस्कृतच्या गुणांना त्याची वार्ता नव्हती. दोन वह्या निराळ्या होत्या. माझ्या भाचीचें सगळें आयुष्य एकाच वहींत मांडलेलें आहे, आणि ज्या गोष्टीस वजन नाहीं ती तेथें शून्य ठरत नाहीं. ती उणे ठरते. श्रमाचा मोबदला द्यावा यांत अन्याय नाहीं. ज्यांत मोबदला नाहीं तें करणें महाग करून ठेवावें, यांत मला अन्याय दिसतो. आणि तो कोणी दुष्टपणानें केलेला नसून भागाकारानें झालेला आहे, म्हणून तो निस्तरणें कठीण आहे.

दुसरी गोष्ट याहून मला अधिक टोंचली. त्या तक्त्यावर विद्यार्थ्याची सही असते. हे विषय मीं स्वतः निवडले आहेत, अशा अर्थाच्या एका ओळीखालीं ती करावयाची असते. ‘निवड’ हा शब्द आम्ही नीतिशास्त्रांत फार जपून वापरतों. कारण निवडीच्या मागोमाग जबाबदारी येते. ज्यानें निवडलें त्यानें भोगावें, हा न्याय सर्वमान्य आहे. आतां येथें तराजू कोणीं टांगला? वजनें कोणीं पाडलीं? महाविद्यालयांनीं, शाळांनीं, क्रमवारी लावणाऱ्यांनीं, क्रमवारी वाचून घर कोठें घ्यावें तें ठरविणाऱ्या आईबापांनीं. सगळी मांडामांड झाल्यावर आम्ही वडीलमाणसें तराजूपासून दोन पावलें मागें सरतों आणि मुलाला म्हणतों, “निवड तुझी.” मे महिन्यांत तें मूल रात्रीं दोन वाजतां पुस्तकावर डोकें टेकून रडूं लागलें, म्हणजे म्हणावयास मोकळे : “तूंच घेतलेस ना हे विषय?” सक्तीचा बाप मुलाचें स्वातंत्र्य घेत असे, पण निदान दोष स्वतःकडे ठेवीत असे. आम्हीं स्वातंत्र्य दिलें असें म्हणून दोष देऊन टाकला आहे. ‘नाहीं’ म्हणण्याची किंमत ज्याला परवडत नाहीं, त्याच्या ‘होय’ला निवड म्हणावें कीं नाहीं, याचें उत्तर माझ्या शास्त्रांतील ग्रंथांत विस्तारानें दिलेलें आहे, पण तेथें उदाहरणें चोरांचीं आणि सावकारांचीं असतात.

‘नाहीं’ कोणाला परवडतें हें मात्र अमेरिकेच्या अलीकडील इतिहासांत स्पष्ट दिसतें. १९९९ सालीं लॉस एंजलिसजवळच्या इंगलवुड येथील विद्यार्थ्यांच्या वतीनें कॅलिफोर्निया राज्यावर दावा लावण्यांत आला; आमच्या शाळेंत असे विषय नांवापुरते आणि श्रीमंत वस्तींतील शाळांत भरघोस, मग विद्यापीठाच्या दारांत आम्हीं बरोबरी कशी करावी, ही तक्रार. त्यानंतर एकोणीस वर्षांनीं, २०१८ सालीं, वॉशिंग्टनच्या परिसरांतील आठ नामांकित खासगी शाळांनीं मिळून जाहीर केलें कीं, २०२२ पर्यंत आम्ही एपी अभ्यासक्रम सोडून देऊं; या परीक्षेच्या घाईंत खोल शिकवितां येत नाहीं. त्यांचें म्हणणें शिक्षणदृष्ट्या मला पटतें. परंतु त्या शाळांचें नांवच अर्जावर पुरेसें वजनदार असतें. एकाच देशांत एकानें जी वस्तु मिळावी म्हणून न्यायालयांत जावें, आणि दुसऱ्यानें तीच वस्तु उच्च ध्येयासाठीं टाकून द्यावी, आणि दोघांचेंहि बरोबर असावें!

नवव्या दिवशीं मीं उत्तर पुरें केलें. तें लांबलें होतें, पण त्यांतला मतलब थोडा होता. मीं लिहिलें कीं, वजनासाठीं मानसशास्त्र घेण्यांत पाप नाहीं. मात्र घेतल्यावर त्या विषयाचें तुझ्याकडे कांहीं देणें लागतें. तूं कोणत्या हेतूनें आलीस याचा अपराध त्या बिचाऱ्याचा नाहीं. तेव्हां कधीं आठवड्यांतून एक तास तो परीक्षेंत येणार नाहीं असें समजून वाच. व्हायोलिन सोडलेंस, तर ‘मला तें नको होतें’ असें मनाशीं कधीं म्हणूं नकोस; ‘मला तें हवें होतें आणि मीं तें याच्यासाठीं सोडलें’ असें म्हण; कारण नफ्याच्या वहींत खोटें लिहिलें तर दुसरा कोणी पकडतो, मनाच्या वहींत लिहिलें तर कोणीच पकडीत नाहीं. आणि शेवटीं, तिनें स्पष्ट विचारलें होतें म्हणून, लिहिलें कीं मी वाद्यवृंद घेतला असता. पण तुझ्या वयाचा असतों तर बहुधा मानसशास्त्रच घेतलें असतें.

चार दिवसांनीं बहिणीचा दूरध्वनि आला. ती रागावली होती. तिचें म्हणणें, तिकडे बसून सूर आणि ताल सुचणें सोपें आहे. येथें एका सत्राची फी म्हणजे काय तें तुला ठाऊक नाहीं. चार-पांच विषयांचे श्रेयांक घेऊन मुलें आलीं तर अर्धें वर्ष वांचतें, आणि कित्येक राज्यांत सरकारी विद्यापीठांना तीनाच्या श्रेणीवर ते देणें कायद्यानेंच भाग आहे. हें सगळें खरें होतें. मग ती थांबली आणि म्हणाली, “दादा, तुझ्या मुलाचा तबला दहावींत कोणीं बंद केला?”

आमचा मुलगा सात वर्षें तबला शिकत होता. दहावीच्या वर्षीं क्लासची वेळ आणि तबल्याची वेळ एक आली, आणि तबला बंद झाला. ‘त्यानेंच ठरविलें’ असें आम्हीं नातेवाइकांना सांगितलें होतें, आणि मला वाटतें तें आम्हांलाहि खरें वाटत होतें. बहिणीच्या बोलण्यानंतर मीं त्याला विचारलें. तो आतां अभियंता आहे. थोडा विचार करून तो म्हणाला, “मला कोणी विचारल्याचें आठवत नाहीं, बाबा. पण मी नाहीं म्हटल्याचेंहि आठवत नाहीं.”

भाचीचा तक्ता शेवटीं माझ्या म्हणण्याप्रमाणें भरला गेला नाहीं आणि तिच्या आईच्याहि म्हणण्याप्रमाणें नाहीं. तिच्या शाळेंत जेवणाची सुट्टी हाहि तक्त्यांतला एक तास असतो, आणि आईबापांची सही असेल तर तो सोडतां येतो. तिनें तो सोडला. मानसशास्त्रहि घेतलें आणि वाद्यवृंदहि ठेवला. नोव्हेंबरांत परीक्षेची फीहि भरली. बहीण तिला रोज सकाळीं तूपसाखरेची पोळी गुंडाळून देते, ती एका वर्गांतून दुसऱ्या वर्गांत जातांना जिन्यांत खावयाची. वाद्यवृंदाच्या बाईंनीं तेवढ्यासाठीं तिला पांच मिनिटें उशीरा येण्याची मुभा दिली आहे. व्हायोलिनला हात लावण्यापूर्वीं हात धुवून यावें, एवढीच त्यांची अट आहे.